अहवालात ‘क्लोझापिन आढळले’ एवढेच लिहून भागते का?

मूळ लेख (कोथरूड, पुणे)
माझा धाकटा भाऊ कित्येक वर्षे क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर मानसिक आजारावरचे औषध घेत होता. एका पहाटे तो झोपेतच गेला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे तुकडे) राखून ठेवला गेला आणि बऱ्याच महिन्यांनी हाती आलेल्या रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात ‘क्लोझापिन आढळले’ एवढेच होते. रोज रात्री आई स्वतःच्या हाताने जी गोळी देत होती, ती आढळणारच होती. किती आढळली, हा प्रश्न होता. आई अजूनही विचारते, “माझ्या हातून एखादी जास्त तर गेली नसेल ना रे?” मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेल्या यकृताच्या तुकड्यावरून औषधाचा पत्ता लागतो, रक्तातली पातळी नीट सांगता येत नाही. म्हणून अशा प्रत्येक मृत्यूत मांडीच्या शिरेतले रक्त सोडियम फ्लोराइड (रक्त टिकवणारे रसायन) घातलेल्या बाटलीत वेगळे घ्यावे आणि प्रमाण मोजूनच अहवाल द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ : असहमत
मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवतो. तुमच्या आईंचा प्रश्न मनाला लागला, तरीही आकड्याची मला भीती वाटते. जिवंत रुग्णात मिलीलिटरमागे साधारण ३५० ते ६०० नॅनोग्राम ही क्लोझापिनची उपचारास योग्य पातळी मानली जाते. पण मृत्यूनंतर हेच औषध यकृत, फुप्फुसे आणि हृदयाच्या स्नायूंतून पुन्हा रक्तात झिरपते, त्यामुळे हृदयातल्या रक्तात ते मांडीतल्या रक्ताहून बरेच जास्त भरू शकते आणि मांडीतले रक्तही यातून पूर्ण सुटत नाही. शिवाय वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याचे शरीर जी पातळी पेलते, ती नवख्याला झेपणार नाही. हजाराचा आकडा कागदावर आला की पोलीस आणि विमा कंपनी त्याला अतिसेवन म्हणून मोकळे होतील, आणि तुमच्या आईंच्या मनातली शंका कायमची शिक्क्यानिशी पक्की होईल.

प्रतिसाद २
प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाचे दोन शब्द. मास स्पेक्ट्रोमीटर हे औषध ओळखून मोजणारे यंत्र नॅनोग्रामपर्यंत मोजते, पण रक्तच आले नाही तर ते काय मोजणार? ओलान्झापिन हे क्लोझापिनच्याच गटातले औषध तर साठवलेल्या रक्तात ऑक्सिडीकरणाने घटत जाते. उशिरा मोजले तर खोटा दिलासा मिळतो.

मूळ लेखकाचे उत्तर
सर, तुमची भीती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. आकडा फसवा असेल तर रक्त कुठून व किती तासांनी घेतले, रुग्ण किती वर्षे कोणती मात्रा घेत होता, हे त्याच्याशेजारी लिहा. आकडाच टाळू नका. सिगारेट बंद झाली की यकृतातले क्लोझापिन मोडणारे एन्झाइम मंदावते आणि त्याच मात्रेत पातळी चढते, संसर्गाच्या तापातही ती चढू शकते, हे मला फार उशिरा कळले. भाऊ जाण्याआधी पंधरा दिवस तापाने पडून होता आणि रोजची वीस सिगारेटची सवय त्या दिवसांत पूर्ण सुटली होती. आईने गोळी नेहमीइतकीच दिली होती. पंचनाम्यापासून अहवालापर्यंत सिगारेटबद्दल आम्हाला कोणीही विचारले नाही.