बोगोटाला जाताय तर रविवार पकडा
सॅक पाठीला लावून निघालेल्या जोडप्याला कोलंबियाची राजधानी असलेल्या बोगोटासाठी दोन दिवस पुरतील का, असा प्रश्न आहे. पुरतील, पण त्यात एक रविवार हवाच! रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. १९७४ पासून चालत आलेली ही 'सिक्लोविया'. आजीआजोबा, स्केटवरची पोरं, कुत्री, सगळं शहर रस्त्यावर उतरतं. सायकल भाड्याने घ्या आणि त्यांच्यात मिसळा.

सुवर्ण संग्रहालयही रविवारी फुकट असतं. तिथला मुइस्का या इथल्या मूळ रहिवाशांचा सोन्याचा तराफा जेमतेम वीतभर लांब आहे. मधोमध सरदार, भोवती त्याची चिमुकली माणसं. आम्ही दोघं तिथून हलेनाच.

शहर २,६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी मोन्सेरातेचा डोंगर पायी चढू नका, केबल कारने जा. रस्त्यात मोबाइल हातात मिरवू नका. कांदेलारिया भागात अंधार पडल्यावर टॅक्सीच बरी.

शाकाहारी असाल तर आहियाको सूप मागवताना जपून, त्यात चिकन असतं. गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे बुडवून देतात, ते मात्र सोडू नका. चीज मऊ होऊन तार सुटली की चमच्याने काढून खायचं.