रिसेप्शनवरून दुसऱ्याचा वाजणारा फोन उचलता येत नाही

प्रश्न

आमच्या कार्यालयात २४ एक्सटेंशन असून जुना ईपीएबीएक्स (कार्यालयातले अंतर्गत टेलिफोन एक्सचेंज) काढून आम्ही अ‍ॅस्टेरिस्क हे संगणकावर चालणारे टेलिफोन एक्सचेंजचे सॉफ्टवेअर बसवले आहे. फोन पीजेसिपवर (नेटवर्कवरचे फोन जोडणाऱ्या त्यातील भागावर) आहेत आणि सेटिंगच्या सर्व फाइल्स मी हाताने लिहिल्या आहेत. रिसेप्शनच्या फोनला जोडलेल्या बटणांच्या पट्टीवर प्रत्येक टेबलाचा दिवा आहे. २०४ वाजू लागला की त्याचा दिवा लुकलुकतो, पण रिसेप्शनिस्टने ते बटण दाबले की वाजणारा कॉल तिच्याकडे येण्याऐवजी तिच्याच फोनवरून २०४ ला नवा कॉल लागतो आणि बिझीचा टोन ऐकू येतो. *८ डायल केल्यास कॉल उचलला जातो, परंतु त्याच वेळी स्टोअरचा फोनही वाजत असेल तर कधी कधी तोच हाती लागतो. तिला दिव्याकडे पाहून नेमका हवा तोच कॉल उचलता यावा, यासाठी काय करावे लागेल?

उत्तर १

दिवा लागतो याचा अर्थ हिंट (कोणत्या फोनची स्थिती दाखवायची याची नोंद) आणि सबस्क्रिप्शन (ती स्थिती रिसेप्शनच्या फोनला कळवत राहण्याची सोय) व्यवस्थित आहेत, तेव्हा तिकडे वेळ घालवू नये. *८ हा ग्रुप पिकअप आहे. त्यात कोणता कॉल घ्यायचा हे उचलणारा सांगत नाही, म्हणूनच स्टोअरचा कॉल येतो. आपल्याला हवा आहे तो ठरावीक एक्सटेंशनचा पिकअप. डायलप्लॅनमध्ये (कोणता क्रमांक डायल केल्यावर काय व्हावे याच्या नियमांत) दोन चांदण्या (**) आणि त्यापुढे एक्सटेंशन असा नमुना लिहून, सुरुवातीच्या दोन खुणा गाळून उरलेला क्रमांक पिकअप या अ‍ॅप्लिकेशनला द्यावा. सोबत ते एक्सटेंशन ज्या कॉन्टेक्स्टमध्ये (डायलप्लॅनमधील नियमांच्या गटात) आहे त्याचे नावही न विसरता द्यावे. त्यानंतर फोनच्या वेबपानावर बीएलएफ (म्हणजे दिव्याच्या) बटणाच्या पिकअप कोडच्या रकान्यात  त्याच दोन चांदण्या भराव्यात. हा रकाना रिकामा असल्यास बरेचसे फोन ते बटण साध्या स्पीड डायलसारखे वापरतात, आणि आपल्याकडे नेमके तेच घडत असावे.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक खाच आहे, जिच्यापायी माझी एक दुपार गेली होती. पिकअपला दिलेला क्रमांक फोनचा नसून ज्या एक्सटेंशनवर डायल झाले त्याचा असतो. बाहेरचा कॉल आधी विक्री विभागाच्या ६०० वर येऊन तेथून २०४ चा फोन वाजत असेल, तर त्या वाजणाऱ्या चॅनेलवर (कॉलच्या त्या जोडणीवर) ६०० हेच एक्सटेंशन नोंदलेले असते. मग दिवा २०४ चा लुकलुकतो आणि दोन चांदण्यांपुढे २०४ डायल केले तरी मात्र काहीच उचलले जात नाही. अशा ठिकाणी चॅनेलच्या नावाने कॉल उचलणारे पिकअपचॅन वापरावे.

दुसरी गोष्ट परवानगीची. कॉल ग्रुप म्हणजे हा फोन कोणत्या ग्रुपात वाजतो, आणि पिकअप ग्रुप म्हणजे या फोनवरून कोणत्या ग्रुपांचे कॉल उचलता येतात. ० ते ६३ असे क्रमांक मिळतात आणि ही दोन्ही कलमे स्वतंत्र असतात, त्यामुळे रिसेप्शनला सर्व ग्रुप देऊन बाकीच्यांना फक्त आपापला देता येतो. मात्र एक्सटेंशनचे नाव घेऊन केलेला पिकअप या ग्रुपांची पर्वा करीत नाही. दोन चांदण्यांचा हा नमुना सर्वांच्या कॉन्टेक्स्टमध्ये ठेवलात, तर संचालकांच्या केबिनमधला वाजणारा फोन कॅन्टीनमधूनही उचलला जाईल. म्हणून तो नमुना केवळ रिसेप्शनच्या फोनच्या कॉन्टेक्स्टमध्येच लिहावा.

उत्तर ३

आणखी एक शक्यता पुढे त्रास देईल म्हणून लिहितो. २०४ वर एक कॉल चालू असताना दुसरा आला, तर दिवा स्थिर राहतो, लुकलुकत नाही. पीजेसिपच्या एंडपॉइंटमध्ये (प्रत्येक फोनच्या नोंदीत) नोटिफाय अर्ली इनयूज रिंगिंग हे कलम मुळात बंद असते, ते चालू करावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. पिकअप कोडचा रकाना खरोखरच रिकामा होता. विक्री विभागाचे कॉल ६०० वरूनच येत असल्याने दुसऱ्या उत्तरातली खाचही आमच्याकडे निघाली, तेथे पिकअपचॅन लावले. नमुना फक्त रिसेप्शनला ठेवला आहे. आता अडचण एवढीच उरली आहे, की उचललेला कॉल कोणाच्या टेबलाचा होता हे रिसेप्शनिस्टला बोलता बोलता आठवत नाही, म्हणून ती बटण दाबण्याआधी क्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवते.