पावसाळ्यात साचा पाणी पीत नाही

ताई, बोन चायनाचा कप साच्यातून सुटत नाही आणि सुटला तर भट्टीत वाकडा होतो, असं तुम्ही लिहिलंय. वर सगळ्यांनी स्लिपला (साच्यात ओतायच्या पातळ मातीला) दोष दिलाय. मला आधी साच्याचा संशय येतो. साच्याचं प्लास्टर स्लिपमधलं पाणी शोषतं म्हणून तर कपाची भिंत धरते. आमच्या म्हापशात जून ते सप्टेंबर साचा वाळता वाळत नाही. एका दिवसात दोनदा ओतलं की दुसरा कप चिकटलाच म्हणून समजा! मी साचे पंख्याखाली ठेवते. भट्टीला टेकवून वाळवू नका, जास्त तापलं की प्लास्टर भुसभुशीत होतं.

वाकडेपणाची गोष्ट वेगळी. बोन चायनात जवळजवळ निम्मी हाडांची राख. पहिलीच भाजणी १२०० अंशांच्या वर असते आणि तिथे भांडं मऊ पडतं. डिचोलीच्या, कमी आचेवर भाजायच्या लाल मातीवर हात बसलेल्यांना हे पटायला वेळ लागतो (मलाही लागला). दोन कप तोंडाला तोंड लावून भाजा, काठ गोल राहतो.

ग्लेझची (काचेसारख्या चकचकीत थराची) भाजणी मात्र कमी, साधारण १०८० अंशांची. भाजलेलं भांडं पाणी पीत नाही, म्हणून ते थोडं गरम करून ग्लेझ फवारायचं. पणजीतल्या फोंतेन्हासच्या आझुलेजूंसारखी (रंगवलेल्या पोर्तुगीज फरश्यांसारखी) निळी नक्षी हवी असेल, तर कोबाल्टचा निळा रंग ग्लेझखाली रंगवा. सोनेरी रेघ शेवटी, ७५०-८०० अंशांच्या वेगळ्या भाजणीत. बोटांचे ठसे राहिले तर तिथे डाग दिसतो, तेव्हा आधी स्पिरिटने पुसून घ्या.