मन घट्ट करण्याऐवजी
कर्करोग विभागात टिकायचे तर मन घट्टच केले पाहिजे, हे मत केमोथेरपीच्या डे-केअरमध्ये अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर मला पटत नाही. मेंदू व भावना यांवर संशोधन करणाऱ्या तानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की दुसऱ्याचे दुःख नुसते स्वतःत ओढून घेण्याच्या सरावाने मनाचा क्लेश वाढतो, तर करुणेच्या, म्हणजे त्याचे भले व्हावे या इच्छेच्या, सरावाने तशीच दुःखाची दृश्ये पाहतानाही मनाला उभारी राहते. आमच्याकडे अमेरिकेतील जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या सजगता-अभ्यासक्रमाच्या, म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावाच्या, धर्तीवर वर्ग झाले. त्यातले माझ्याजवळ एकच टिकले आहे: औषधांनी कडक झालेली शीर शोधण्यापूर्वी, हातांना सॅनिटायझर चोळताना, एक श्वास पूर्ण जाणवू द्यायचा आणि मग रुग्णाच्या हाताकडे नव्हे, आधी चेहऱ्याकडे पाहायचे. तेवढ्याने माझी घाई ओसरते आणि त्याचीही मूठ सैल होते. मात्र हे वर्ग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवले गेले, याचे मला आजही वाईट वाटते. प्रशिक्षण ड्युटीच्या वेळातच हवे, आणि त्या वेळी खाटांपाशी उभे राहायला बदली माणूसही हवे.