संस्थेच्या ध्येयातच सायबर सुरक्षा हवी का? सोलापूरकरांनो, मत मांडा

अक्कलकोटरोडकर
सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल मी पहिल्या पानापासून वाचतो. ध्येयात सभासदांचा विश्वास आणि तत्पर सेवा असते. आत ठेवी, थकबाकी, लाभांश. या ठेवी ज्या यंत्रणेत नोंदल्या आहेत तिच्या रक्षणाबद्दल मात्र मला ओळही सापडत नाही. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी गेले. कुणी तिजोरी फोडली नव्हती. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच चोरांनी बगल दिली आणि बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले. बँक असो, दवाखाना असो की टॉवेलचा कारखाना, सुरक्षा ध्येयात हवी आणि तिचा जाब अध्यक्षाला विचारता आला पाहिजे.

कांडीवाला
नाही पटलं. "गुणवत्ता हेच ध्येय" अशा पाट्या एमआयडीसीत ढिगाने आहेत, त्यांनी माल सुधारला का? सुताचा दर, वीजबिल, कामगारांची टंचाई यातून आम्ही मान वर काढत नाही. आठ-दहा मागांच्या कारखान्यात एकच संगणक, त्यावर टॅली आणि जीएसटी. रिझर्व्ह बँकेनेसुद्धा ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात सायबर सुरक्षेसाठी नागरी सहकारी बँकांचे चार स्तर पाडले. सगळ्यांना एकच माप लावलं नाही, मग तुम्ही का लावता?

निर्यात विभाग
कांडीवाले, पैसे त्याच एका संगणकावरून येतात-जातात. चोर मेलचा पासवर्ड मिळवतो, आठवडेच्या आठवडे गुपचूप पत्रव्यवहार वाचतो आणि बिल निघालं की परदेशातल्या गिऱ्हाइकाला कळवतो, "आमचं बँक खातं बदललंय." मेलच्या पत्त्यात एका अक्षराचा फरक, कोण बघतं? इथल्या एका निर्यातदाराचा माल पोचला, पैसे भलत्याच खात्यात गेले.
हे टाळायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. खातेबदलाचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची, आपण पैसे पाठवतानाही आणि गिऱ्हाइकानेही. पण मालक "पैसे आत्ता सोड" म्हणून डोक्यावर उभा असेल तर क्लार्क फोन करेल का? थांबायची मुभा वरूनच मिळावी लागते. ध्येयात लिहिणं म्हणजे माझ्या लेखी एवढंच.

रात्रपाळी
मी दवाखान्यात आहे. आमचं ध्येय रुग्ण, बस्स. अपघाताची केस आल्यावर लॉगिनसाठी ओटीपीची वाट बघत बसायचं का? म्हणूनच काउंटरवर सगळे एकच पासवर्ड वापरतात. उद्या संगणकवाले डॉक्टरांना "नाही" म्हणू लागतील, ते मला नको.

अक्कलकोटरोडकर
ताई, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पाडले. नोंदणीपासून रिपोर्टपर्यंत सगळं कित्येक दिवस हाताने लिहावं लागलं. त्यात हाल रुग्णांचेच झाले ना?

रात्रपाळी
झाले. म्हणून वेगळा ठेवलेला, चालवून पाहिलेला बॅकअप द्या, मी स्वतः मागणी करते. पण रुग्णाच्या शेजारी दुसरं ध्येय मांडू नका.

कांडीवाला
थांबायची मुभा, हे मान्य. पण २०२२ च्या आदेशाप्रमाणे हल्ला कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवायचं, ते आमच्याकडे करणार कोण? वीस कारखान्यांनी मिळून एक जाणकार माणूस ठेवावा, यंत्रमागवाल्यांच्या संघटनेने पुढाकार घ्यावा. ध्येयाची पाटी नंतर.

अक्कलकोटरोडकर
माणूस वाटून घ्या, जबाबदारी वाटता येणार नाही. पैसे गेले तर गिऱ्हाईक संघटनेला नाही, तुम्हालाच विचारणार. येत्या वार्षिक सभेत मी माझ्या बँकेच्या अध्यक्षांना विचारणार आहे, बॅकअप शेवटचा कधी चालवून बघितला? प्रश्न आधी लेखी देतोय. अजून कोण देणार?