तो आपला होला नव्हे, नामाक्वा होला

वरती एकांनी लिहिलंय की टांझानियातल्या भाच्यानं पाठवलेल्या फोटोतला पक्षी म्हणजे आपला शेतातलाच होला, तोंडावर नुसती सावली पडलीय. सावली कसली ओ! तो नामाक्वा होला, म्हणजे आफ्रिकेत आढळणारी होल्याची वेगळी जात, आणि नर. कपाळापासून गळ्याखाली छातीपर्यंत काळाकुट्ट रंग, जणू चुलीत तोंड घालून आलाय. त्यात चोच मुळाशी लालसर नि टोकाला पिवळी. इतकं चटकदार ध्यान आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या शेतात मी कधी बघितलं नाही.

आपल्या होल्याच्या गळ्याला काळ्या ठिपक्यांचा पट्टा असतो, तो या फोटोत शोधून दाखवा की. शेपूटही बघा: लांब, निमुळती. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सगळा मिळून 22 सेंटिमीटर, वजन 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शेपूट सोडली तर अंगानं चिमणीपेक्षा जरासाच मोठा! पंखावर दोनचार जांभळट-निळे चमकदार ठिपके दिसतील, फोटो मोठा करून बघा. उडाला की पंखातली तांबूस पिसं उघडी पडतात, पाठीच्या खालच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्याही.

मादीला काळा मुखवटा नाही, चोच मळकट. पिल्लं ठिपक्याठिपक्यांची.

भाच्याला सांगा, जोडीचा फोटो मिळाला तर पाठव. नर-मादी शेजारी बसलेली दिसली की वाद उरणार नाही.