मदत हवी आहे: आजोबांच्या वह्या, घरगुती बुक स्कॅनर आणि काचेत दिसणारी ट्यूबलाइट

नमस्कार मंडळी,

पंचवटीत राहतो. आजोबा कीर्तनकार, त्यांच्या आख्यानांच्या ११ हस्तलिखित वह्या माझ्याकडे आल्यात. शिवण घट्ट, कागद पापडासारखा. झेरॉक्सवाला म्हणाला, "शिवण कापून द्या, तासाभरात करतो." वह्या उचलल्या आणि घरी आलो. सपाट स्कॅनरवर ठेवून पाहिलं, तर शिवणीजवळची अक्षरं सावलीत बुडाली आणि वहीची पाठ कुरकुरली.

मग २००९ साली डॅनियल रीट्झ या अमेरिकन माणसानं भंगारातलं सामान आणि स्वस्त कॅमेरे जोडून केलेला स्कॅनर पाहिला. वही पूर्ण उघडायचीच नाही. ९० अंशांच्या खाचेत ठेवायची, वरून तशीच काटकोनी काच टेकवायची आणि प्रत्येक पानाचा समोरून फोटो काढायचा.

माझी खाच टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची, तीन पदर फेविकॉलनं चिकटवून. (काटकोन गुण्यानं तपासा. पहिली खाच मी नजरेनं केली, ती रद्दीत गेली.) भद्रकालीतून ४ मिमी काचेचे दोन तुकडे कडा घासून आणले, सिलिकॉननं जोडले. खर्च ७०० रुपयांच्या आत. फोन एकच, म्हणून आधी सगळी उजवी पानं, मग खाच फिरवून डावी.

अडचणी:

काचेत भिंतीवरची ट्यूब दिसते, नेमकी ओव्यांवर. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घेऊ का?

पातळ कागदातून मागची शाई दिसते.

आणि खरी डोकेदुखी: पहिल्या वहीचे उजवे फोटो १०६, डावे १०५. आजोबांनी पानांना आकडेच घातलेले नाहीत. कुठलं निसटलं, कसं शोधू?

गुण्या_आणि_पटाशी:
अ‍ॅक्रिलिक नको. चरे पडतात, शिवाय घासलं की धूळ आणि कागदाचे कपचे ओढून घेतं. काचही चमकते, पण दोष दिव्याच्या जागेचा आहे. फोन पानाला काटकोनात असेल तर काचेत फोनच्या मागचं दिसतं, म्हणजे तुमची भिंत. ट्यूब बंद करा, एकच दिवा खाचेच्या बरोबर मध्यावर उंच टांगा; त्याचा उजेड काचेवरून आडवा निघून जातो. फोनभोवती भोक पाडलेला काळा पुठ्ठा लावा. कोन तपासायला काचेवर छोटा आरसा ठेवा, लेन्स स्क्रीनच्या मध्यात स्वतःलाच दिसली पाहिजे.

शाईचा_डाग:
पानामागे काळा कागद सरकवा, मागची शाई बरीच दबते. स्कॅन टेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तिरकी पानं सरळ करतं, पण शाईच्या वहीला निव्वळ काळं-पांढरं करू नका, फिकट मात्रा उडतात. क्रमासाठी दर दहा पानांनी आकड्याची चिठ्ठी फोटोत ठेवा, दोन्ही फेऱ्यांत त्याच पानांवर. वहीवर पेन्सिलसुद्धा लावू नका!

धागाकर्ता:
काचेतली ट्यूब गेली. चिठ्ठ्या घालून डावी फेरी पुन्हा केली, ४० ते ५० मध्ये पान सापडलं. दोन पानं एकदम उलटली होती. उत्तररंगाची (कीर्तनातल्या आख्यानाच्या भागाची) सुरुवातच गायब झाली असती.

आता डाव्या बाजूला दुसरा फोन लावायचाय. माझ्या फोनच्याच मॉडेलचा, स्क्रीन फुटलेला चालेल, कॅमेरा धड हवा. नाशिकात कुणाकडे पडून आहे का?